‘व्यवस्थापन’ कुणाचे, संवाद कुणाशी?

“सर, मी पास झालो का नापास, थेच समजून नाही राह्यलं.”

निकाल लागून चार दिवस झाले होते आणि एक विद्यार्थी हे वाक्य घेऊन आमच्यासमोर उभा होता. मोबाइलच्या पडद्यावर त्याचे नाव होते (तेही थोडे चुकलेले), आसन क्रमांक होता आणि त्यापुढे रोमन लिपीतील तीन अक्षरांचा एक संकेत होता. त्या संकेताचा अर्थ पानावर कोठेही दिलेला नव्हता. आम्ही मराठीचे शिक्षक. जुन्या ओवीचा अन्वय लावून देणे हे आमचे रोजचे काम. परंतु त्या तीन अक्षरांचा अन्वय आम्हांलाही लागला नाही. कार्यालयात विचारले तेव्हा बाबू म्हणाले, अंतर्गत गुण चढले नसतील, नाहीतर नामांकनात काही राहिले असेल, ‘तिकीट टाका’. विद्यार्थ्याने तिकीट टाकले. दोन मिनिटांत पोच आली. ती इंग्रजीत होती आणि तिच्या तळाशी अशी सूचना होती की, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

हा विद्यार्थी कोणत्या विद्यापीठाचा, हे आम्ही सांगत नाही. त्याने फरकही पडत नाही. राज्यातील कोणत्याही विद्यापीठाच्या आवारात तासभर उभे राहिले तर असा एक तरी विद्यार्थी भेटतोच. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या पत्त्यावर उत्तर पाठवता येत नाही, त्या पत्त्यावरून आलेल्या मजकुराला आपण ‘संवाद’ हा शब्द कसा काय वापरू लागलो?

प्रश्न सुचण्याचे निमित्त एका बैठकीचे. एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी नवी संगणकप्रणाली घ्यावयाची म्हणून समिती नेमली गेली आणि भाषेचे शिक्षक म्हणून, बहुधा इतिवृत्त शुद्ध व्हावे या हेतूने, आम्हांलाही तीत घेतले गेले. पुरवठादाराच्या प्रतिनिधीने पडद्यावर चित्रे दाखवली. प्रवेश, शुल्क, उपस्थिती, परीक्षा, ग्रंथालय, वसतिगृह, असे एकेक घर. शेवटच्या घराचे नाव ‘संवाद’ होते. त्यात काय आहे असे विचारता तो उत्साहाने म्हणाला की, एका कळीसरशी पाच हजार विद्यार्थ्यांना एसएमएस, ई-मेल आणि व्हॉट्सॲपवर सूचना जाते. आम्ही विचारले, “आणि विद्यार्थ्याला उलट काही विचारायचे असेल तर?” तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, “ते तक्रार निवारणात येईल.”

त्याचे उत्तर प्रामाणिक होते. विद्यार्थ्याला प्रश्न पडू शकतो ही शक्यता त्या आराखड्यात धरलेली होती, पण केवळ तक्रार म्हणून. ‘मी पास झालो का नापास’ ही तक्रार नव्हे, ती पृच्छा आहे. तक्रारीसाठी नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा आणि त्यावर लोकपाल असावा. हे सारे योग्यच आहे. परंतु साध्या प्रश्नाला उत्तर मिळावे म्हणून माणसाला आधी तक्रारदार व्हावे लागत असेल, तर आमचा तो विद्यार्थी तसे करणार नाही. तक्रार केली तर पुढे गुणांवर परिणाम होईल, हे भय त्याच्या मनात घरून निघतानाच घालून दिलेले असते.

शब्दांकडे पाहण्याची आम्हांला खोड आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. ‘विद्यार्थी व्यवस्थापन प्रणाली’ हा शब्दप्रयोग आता सर्रास होतो. धान्याच्या गोदामाचे व्यवस्थापन होते, कचऱ्याचे होते, आपत्तीचेही होते. विद्यार्थ्याचे कधीपासून होऊ लागले? आपल्याकडचे जुने कार्यालयीन शब्द काही फार प्रेमळ होते असे नाही. ‘पट’, ‘हजेरी’, ‘नामांकन’ यांतही गणतीच आहे. पण नामांकन या शब्दात निदान नाव आहे.

येथे वऱ्हाडातील विद्यापीठाचा इतिहास थोडा आठवावा लागेल. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ची. त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघाले, जे पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. पुढची साठ वर्षे वऱ्हाडातील उच्च शिक्षणाचा कारभार या ना त्या प्रकारे नागपूरकडे पाहून चालला. मेहकरच्या किंवा अकोटच्या मुलाला गुणपत्रिकेतील एक अक्षर दुरुस्त करून घ्यावयाचे तर नागपूर गाठावे लागे. १ मे १९८३ रोजी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले. आज अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. या विद्यापीठाच्या मागणीमागे अस्मिता होती, राजकारण होते, पण सर्वांत साधे कारण अंतराचे होते. विद्यापीठ जवळ हवे होते. बाबूच्या खिडकीशी जाऊन ‘माह्या निकालाचं काय झालं’ असे आपल्या बोलीत विचारता यावे, एवढे ते जवळपण होते.

आमचे म्हणणे असे की, संगणकप्रणालीची आखणी जशी आज होते, तिने हे अंतर पुन्हा वाढवले आहे. मदतकेंद्र कोठे बसते हे विद्यार्थ्याला ठाऊक नाही, महाविद्यालयाला नाही आणि पुष्कळदा विद्यापीठातील बाबूंनाही नाही. नागपूर निदान नकाशावर दिसत होते.

याचा अर्थ आम्ही खिडकीच्या जमान्याची आरती करीत आहोत असा कोणी घेऊ नये. ती खिडकी आम्ही पाहिली आहे. ती जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा तास बंद होई. ओळखीच्या माणसाचे काम आत जाऊन होई आणि अनोळखी माणूस रांगेत राही. कोणाचे आडनाव ऐकून आवाज कसा बदलतो हेही तेथे ऐकू येई. तेल्हाऱ्याच्या किंवा दर्यापूरच्या मुलीला एका शिक्क्यासाठी भावाला सोबत घेऊन दिवस मोडावा लागे, आणि भावाला वेळ नसला तर ते काम, आणि कधी कधी ते शिक्षणही, राहून जाई. आज तीच मुलगी घरबसल्या अर्ज भरते, शुल्क भरते, प्रवेशपत्र उतरवून घेते. डिजिलॉकरमध्ये पदवी प्रमाणपत्र मिळू लागल्यापासून नोकरीच्या मुलाखतीसाठी मूळ प्रत गहाळ होण्याची धास्ती कमी झाली आहे. हे यश लहान नाही, आणि ज्यांनी खिडकीतला अपमान सोसलेला नाही त्यांनीच त्याला नावे ठेवावीत. म्हणून आमचा आक्षेप यंत्राला नाही. आखणी कोठून सुरू होते, याला आहे.

ती निविदेपासून सुरू होते. मुंबई विद्यापीठाचे २०१७चे उदाहरण सर्वांना आठवत असेल. उन्हाळी परीक्षांच्या सतरा लाखांवर उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय एकाच हंगामात, सर्व विद्याशाखांना एकदम लागू झाला. शिक्षकांची तयारी पुरेशी नव्हती, उत्तरपत्रिकांची पाने एकमेकांत मिसळल्याच्या तक्रारी आल्या. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावे लागले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की, निकाल शक्यतो तीस दिवसांत आणि कोणत्याही स्थितीत पंचेचाळीस दिवसांत लागावा. तो कायदा लागू झाला ते वर्षही २०१७च होते. त्या प्रकरणाची चर्चा पुढे यंत्र चुकले की माणूस, याच दिशेने झाली. मात्र त्या चार महिन्यांत विद्यार्थ्यांना नेमके काय सांगितले जात होते, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेली मुले कलिनाच्या आवारात येऊन उभी राहत, कारण दूरध्वनीवरून कळण्यासारखे काही नव्हते. राज्यातील सर्वांत मोठ्या शहरातील, इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांची ही स्थिती. धारणीच्या विद्यार्थ्याचे काय होत असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

धारणीचे नाव आम्ही सहज घेतले नाही. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतून जी मुले शिकायला येतात, त्यांतील अनेकांची घरची भाषा कोरकू असते. मराठी ही त्यांनी शाळेत कमावलेली दुसरी भाषा, हिंदी बाजाराची, आणि इंग्रजी ही आम्ही मधे उभी केलेली भिंत. असा विद्यार्थी प्रवेशाचा अर्ज भरतो कोठे? आखणीकारांच्या चित्रात तो आपल्या खोलीत बसून स्वतःच्या मोबाइलवर भरतो. प्रत्यक्षात तो परतवाड्याच्या एस. टी. स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानाबाहेर फलक असतो, ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. दुकानदार शुल्कावर स्वतःचे पैसे आकारतो, छायाचित्र कापतो, सही चढवतो आणि मोबाइल क्रमांकाच्या रकान्याशी येऊन थांबतो. सांकेतिक अंक लगेच हवा असतो, विद्यार्थ्याच्या फोनला नेटवर्क नसते, नाहीतर फोन बापाजवळ गावी असतो. मग दुकानदार आपलाच क्रमांक टाकतो, ई-मेलही आपलाच देतो आणि गुप्तशब्द सर्वांसाठी एकच ठेवतो, म्हणजे पुढच्या खेपेला सोय.

त्यानंतर वर्षभर महाविद्यालयाच्या ‘संवाद’ या घरातून जे काही सुटते ते परतवाड्याच्या दुकानात पोहोचते. परीक्षा पुढे गेल्याची सूचना, शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी, अंतर्गत परीक्षेची शेवटची संधी, हे सारे त्या दुकानदाराला कळते. अहवालात मात्र लिहिलेले असते की, सूचना पोहोचण्याचे प्रमाण उत्तम आहे. आम्ही त्या दुकानदाराला दोष देत नाही. खरे सांगायचे तर पाचही जिल्ह्यांत विद्यापीठाचे सर्वांत कार्यक्षम मदतकेंद्र तोच चालवतो, विनावेतन नव्हे, पण विद्यार्थ्याच्या भाषेत. आखणी करणाऱ्यांपैकी कोणी त्याला बैठकीला बोलावले असते, तर अर्ध्या अडचणी कागदावरच संपल्या असत्या. आम्ही समितीत हे सुचवले. सदस्य हसले. आम्ही विनोद केलेला नव्हता.

नावांचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि तो आमच्या विषयाच्या जवळचाही आहे. वऱ्हाडात ‘वानखडे’ हे आडनाव गावोगाव आहे. यंत्रावर बसलेला माणूस पुण्या-मुंबईकडचा असेल तर त्याला ते ‘वानखेडे’चे चुकलेले रूप वाटते आणि तो ते प्रेमाने सुधारतो. ‘इंगळे’ रोमन लिपीत गेले की दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. त्यांतील एक तऱ्हा परत नागरीत आणताना ‘इंगोले’ होऊन बसते, जे वेगळेच आडनाव आहे. ‘काळे’ आणि ‘काले’ यांतील फरक रोमन लिपीला दिसतच नाही. ‘ज्ञानेश्वर’ तर तीन प्रकारे लिहिला जातो आणि तिन्ही प्रकार त्याला आपले वाटत नाहीत. मेळघाटातील कासदेकर, बेठेकर, मावस्कर, धिकार ही आडनावे यंत्राने किती प्रकारे लिहिली आहेत ते आम्ही हजेरीपटात पाहिले आहे.

पूर्वी ही केवळ बोच होती. आता त्याने विद्यार्थ्याचे वर्ष जाऊ शकते. २०२१मध्ये श्रेयांक पेढीचे विनियम आले. पाठोपाठ ‘अपार’ हा आयुष्यभराचा शैक्षणिक ओळखक्रमांक आला. विद्यार्थ्याने कमावलेले श्रेयांक त्याच्या या खात्यात जमा व्हावेत अशी कल्पना. कल्पना चांगली आहे. पण खात्याची जुळणी आधारवरील नावाशी होते. दहावीच्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर बहुधा शेवटी. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव असते, दुसरीकडे आद्याक्षर. त्यात वानखडेचे वानखेडे झालेले. नाव जुळत नाही, खाते जोडले जात नाही, श्रेयांक अधांतरी राहतात. (१ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव येणार आहे, ही मुले विद्यापीठात पोहोचतील तोपर्यंत, म्हणजे २०४२च्या सुमारास, आपले रकाने तयार असतील अशी आशा करू.) २०२४–२५पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले वैकल्पिक, कौशल्याचे, मूल्यांचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे, अशा अनेक खणांत श्रेयांक विभागले गेले. आमच्या मराठीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात वीस ते बावीस श्रेयांक जमवायचे आहेत आणि कोणता खण रिकामा राहिला हे त्याला सांगणारा माणूस समोर नाही, पडदा आहे. अशा वेळी तीन अक्षरांचा अनाकलनीय संकेत हा फक्त गैरसोयीचा मामला राहत नाही.

नोंद कशी ठेवावी याचा एक धडा आमच्या याच जिल्ह्यात सातशे वर्षांपूर्वी गिरवला गेला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी रिद्धपुरात चक्रधरांच्या आठवणी संकलित केल्या, त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नव्याने सांगायला नको. पण त्यांच्या पद्धतीकडे येथे आम्ही वेगळ्या कारणाने लक्ष वेधतो. म्हाइंभट माणसांकडे गेले. ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांना विचारले. नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. आणि दोन माणसांच्या सांगण्यात फरक पडला तेव्हा एक खोडून दुसरे ठेवले नाही. कोणाच्या सांगण्यात काय आहे याची नोंद राहू दिली. पाठभेदाला महानुभाव परंपरेत ‘वासना’ हा शब्दच आहे. म्हणजे नोंदीबरोबर सांगणाऱ्याचे नाव, आणि मतभेदाला जागा. आजच्या प्रणालीत विद्यार्थ्याची नोंद कोणी केली, कोणी बदलली, कशाच्या आधारे बदलली, हे आतल्या आत कोठेतरी नोंदलेले असेलही, पण ज्याची नोंद आहे त्याला ते दिसत नाही. ‘माझे नाव वानखडे आहे’ ही त्याची वासना नोंदवायला रकाना नाही. त्यासाठी शपथपत्र आणि राजपत्र.

(याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि ते कित्येक शतके बाहेरच्यांना वाचता आले नाहीत, हेही खरे. संकेताक्षरांचा मोह नवा नाही. पण त्यांना निदान ग्रंथ राखायचे होते.)

त्याच रिद्धपुरात राज्य शासनाने आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्हांला आनंद झाला, आम्ही पेढेही खाल्ले. मात्र अभिजात भाषेच्या विद्यार्थ्याला आपला निकाल कोणत्या भाषेत कळतो हे पाहणे, हीदेखील अभिजाततेची एक कसोटी मानता येईल. अडचण तांत्रिक आहे असे सांगितले जाते. ती पंचवीस वर्षांपूर्वी होती. तेव्हा कार्यालयांत कृतिदेव, श्रीलिपी यांसारखे टंक होते, त्यांत लिहिलेली नावे संगणकाला शोधता येत नसत, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेली की चिन्हांचा चिखल होई. युनिकोड रुळल्यावर ती सबब संपली. उलट २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याचे बंधन घातले आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. कोरकू नाही, ही वेगळी वेदना.

मात्र भाषांतर म्हणजे संवाद नव्हे, हे आम्ही भाषेचे लोक असूनच म्हणतो. ‘तुमची विनंती प्रक्रियाधीन आहे’ हे वाक्य मराठीत असून कोणाला काय सांगते? ते न बोललेले बरे. एटीकेटी हा शब्द घ्या. अक्षरे परकी, पण विद्यार्थ्यांनी तो असा काही आपला केला की ‘दोन विषयांत एटीकेटी लागली’ म्हटल्यावर आजीलाही कळते. शब्द देशी की परका यापेक्षा तो कोणीतरी कोणालातरी समजावून दिलेला असणे महत्त्वाचे असते.

आणि येथे विद्यापीठाच्या नावाची आठवण अपरिहार्य होते. अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा माणूस अक्षरशत्रू म्हणवला जाई, आणि विसाव्या शतकात मराठी समाजाशी त्याच्याइतका थेट बोललेला माणूस क्वचितच दुसरा असेल. त्यांच्या कीर्तनाची रीत कशी होती? पूर्वरंग-उत्तररंगाची ठरीव चौकट त्यांनी बाजूला ठेवली. ते श्रोत्यांना प्रश्न विचारत. साधे, घरातले, पैशाचे, कर्जाचे, देवाचे. समोरची शेतकरी माणसे उत्तर देत, त्या उत्तराला धरून बाबा पुढचा प्रश्न करीत. श्रोता गप्प बसला असता तर ते कीर्तन तेथेच अडले असते. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढीकाठी हा आवाज थांबला. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातच नव्हे, तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठात संवादाची आखणी करायची असेल, तर यापेक्षा चांगला नमुना आम्हांला ठाऊक नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तो आपल्या परीने सांभाळला आहे असे म्हणावे लागेल. तेथील शिवार फेरीत शेतकरी प्रत्यक्ष वाणाच्या वाफ्याशी उभा राहून शास्त्रज्ञाला विचारतो आणि शास्त्रज्ञाला तेथल्या तेथे, वऱ्हाडीत, उत्तर द्यावे लागते. त्यांच्या वार्षिक दैनंदिनीचे नावही ‘कृषी संवादिनी’ आहे. शेतकऱ्याला जे मिळते ते पदवीच्या विद्यार्थ्याला का मिळू नये?

आणखी एक गोष्ट आखणीत राहून जाते, तिचा अनुभव आमच्या दोन्ही शहरांनी घेतला आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावतीत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली आणि काही दिवस इंटरनेट बंद राहिले. त्याच काळात एस. टी. कर्मचाऱ्यांचा संपही सुरू होता. मे २०२३मध्ये अकोल्यात तेच झाले. मे म्हणजे उन्हाळी परीक्षांचा हंगाम. असा दिवस आला की सारा ‘संवाद’ एका क्षणी मूक होतो. सूचना फलक काढून टाकलेला असतो, वर्गप्रतिनिधीला कोणी काही कळवलेले नसते, आणि गावातून निघालेला मुलगा बंद फाटकाशी येऊन उभा राहतो. अशा दिवसासाठी आकाशवाणी आहे, स्थानिक वृत्तपत्रे आहेत, ग्रामपंचायतीचा फलक आहे, फोनवरचा साधा आवाज आहे. हे मार्ग जुने म्हणून आराखड्याबाहेर टाकले जातात.

‘समर्थ’ ही केंद्र शासनाच्या पुढाकाराने दिल्ली विद्यापीठात विकसित झालेली प्रणाली आता महाराष्ट्रातही येऊ लागली आहे. खासगी पुरवठादार आहेतच. कोणती घ्यावी हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही इतकेच म्हणतो की, घेण्याआधी कार्यालयातील आवक-जावक नोंदवही एकदा उघडून पाहावी. त्या मळक्या वहीत आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक असतो, तो कोणाच्या टेबलाकडे गेला त्या माणसाचे नाव असते आणि उत्तर गेले तर त्याची तारीख असते. हे तीन रकाने विद्यार्थ्याला दिसतील असे नव्या प्रणालीत असावेत. प्रत्येक संकेताक्षराशेजारी त्याचा अर्थ आणि पुढे काय करायचे हे दोन वाक्यांत मराठीत असावे. ती वाक्ये संगणकाने नव्हे, तर बाबू आणि मराठीचा शिक्षक यांनी एकत्र बसून लिहावीत. नाव नागरीत विद्यार्थ्याने स्वतः लिहावे आणि तेच मूळ मानावे. त्याने दिलेला क्रमांक त्याचाच आहे ना, हे वर्षातून एकदा वर्गात विचारावे. त्याला यंत्र लागत नाही. आणि करार संपला तर सर्व नोंदी वाचता येतील अशा रूपात परत मिळतील, हे सहीआधी लिहून घ्यावे. पुरवठादार बदलला की जुने निकाल अदृश्य होतात, ही व्यथा नवी नाही.

यांतील काही कलमे समितीने मान्य केली. ‘अर्थ मराठीत द्यावा’ हे कलम ‘दुसऱ्या टप्प्यात’ ढकलले गेले. दुसरा टप्पा कधी, याची तारीख इतिवृत्तात नाही. आम्हीच इतिवृत्त लिहिल्याने हे खात्रीने सांगू शकतो.

तो विद्यार्थी पास झाला होता. तिकिटाने नव्हे, तिसऱ्या आठवड्यात तो स्वतः एस. टी.ने गेला, दोन मजले चढला आणि एका बाबूंनी कपाटातून गुणतक्ता काढून त्याच्यासमोर बोट ठेवले. अंतर्गत गुणांचा एक रकाना रिकामा राहिला होता. त्या तीन अक्षरांचा अर्थ बाबूंनीही सांगितला, पण परत येईपर्यंत तो ते विसरला.

समितीच्या पुढच्या बैठकीची सूचना आम्हांला परवा ई-मेलने आली. ती ज्या पत्त्यावरून आली त्यावर उत्तर पाठवता येत नाही. म्हणून आमचे टिपण आम्ही हाताने लिहून कार्यालयात नेऊन दिले आणि आवक क्रमांक घेतला.